कबुतरवाल्याची साक्ष

आमच्या अश्रफियाच्या टेकडीवर सपाट जमीन कुणी पाहिलेली नाही. उंबरा ओलांडला की एकतर चढा, नाहीतर उतरा. भाजीला जायचं तर पायऱ्या, मशिदीत जायचं तर पायऱ्या, शेजारणीशी भांडायला जायचं तरी पायऱ्याच; वर पोचेपर्यंत भांडणाचा निम्मा जोर दमातच संपतो. इथल्या बायका चाळिशीपर्यंत नवऱ्याच्या नावानं रडतात आणि पुढे गुडघ्यांच्या. अख्ख्या अम्मानमध्ये फिजिओथेरपिस्टनं दवाखाना थाटावा तर तो इथंच, आणि वजदीनं तो इथंच थाटला.

मी त्याची पहिल्या दिवसापासूनची पेशंट. थोरला निझार, म्हणून मी उम्म निझार. टेकडीवर मला आणखीही नावं आहेत, पण ती माझ्या पाठीमागे घेतात, त्यामुळे मला ती ठाऊक नसावीत असं धरून चालायचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. भिजतो हो. भिजेपर्यंत मी थांबत नाही, इतकंच.

वजदी तसा बुटका, मनगटं जाड, आणि हात थंडीतसुद्धा भाकरीसारखे गरम. सगळी टेकडी त्याला डॉक्टर म्हणायची आणि तो प्रत्येकाला सांगायचा, "मी डॉक्टर नाही. डॉक्टर कापतो, मी फक्त छळतो." शिकायला बुखारेस्टला होता. तिथून येताना एक जाडजूड कोट आणि रुमानियन भाषेतल्या शिव्या घेऊन आला. कोट इथं कधी लागला नाही, शिव्या लागल्या. मग कितीतरी वर्षं सैन्याच्या इस्पितळात तुटलेल्या शिपायांना उभं केलं. संध्याकाळी आमच्या टेकडीच्या फुटबॉल संघाच्या पोटऱ्या चोळायचा. संघ वर्षानुवर्षं हरत होता. पण पोटऱ्या उत्तम होत्या, हे विरुद्ध संघही कबूल करायचा.

निवृत्त झाल्यावर त्यानं घराखालच्या दोन खोल्यांत दवाखाना काढला. चालायचा सराव करायला दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या लागतात, त्या शेजारच्या गच्चीवरच्या ज़ुहदी प्लंबरनं पाण्याच्या पाइपातून बनवून दिल्या. शेकायला तव्यावर गरम केलेली मिठाची पिशवी. भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं एक चित्र होतं, त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवून वजदी मला मावशी मानून म्हणायचा, "खाला, हा बघा, मेलाय तरी तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतो."

अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाली की दवाखान्याला कुलूप. कुणी विव्हळत आलं तरी उपयोग नाही. वजदी गच्चीवर गेलेला असायचा, कबुतरं उडवायला.

आता कबुतरवाला म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला सांगायला हवं. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला काळं फडकं, तोंडात शिट्टी, आणि नजर सतत शेजाऱ्याच्या थव्यावर. आपला थवा असा फिरवायचा की दुसऱ्याचं एखादं भोळं पाखरू त्यात मिसळून आपल्या गच्चीवर उतरावं. उतरलं की जाळं टाकायचं, पंख दोऱ्यानं बांधायचे, आणि नवी गच्ची अंगवळणी पडेपर्यंत खुराड्यात ठेवायचं. मालक शोधत आला की छातीवर हात ठेवून सांगायचं, "अल्लाची शप्पथ, पाहिलंसुद्धा नाही." आत खुराड्यात ते पाखरू घुमत असतं, आणि हा बाहेर शपथा घेत असतो. म्हणून आमच्याकडे पूर्वीपासून म्हणतात की कबुतरवाल्याची साक्ष काझी घेत नाही. मुलगीही कुणी देत नाही.

आणि वजदी? तो असा एकच कबुतरवाला मी पाहिला, जो पकडलेलं पाखरू सूर्य मावळायच्या आत खिशात घालून मालकाच्या दारात नेऊन द्यायचा. ज़ुहदी संतापायचा. "अरे, हा काय खेळ आहे? तू माझं परत देतोस, मग मला तुझं परत द्यावं लागतं. सगळी मजा मारलीस."

"तू देऊ नकोस," वजदी म्हणायचा.

"मी देत नाहीच आहे. पण रात्री झोप लागत नाही ना."

वजदी असा का वागतो हे ज़ुहदीला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तेव्हा त्या स्वयंपाकघरात होते.

तेव्हा वजदी बुखारेस्टहून नुकताच आलेला, मी नवीन लग्न होऊन या टेकडीवर आलेली. खालच्या अंगाला हाज्ज फखरींचं घर, कापडाचा मोठा व्यापार, अंगणात लिंबाचं झाड. त्यांची मुलगी रुवैदा. वजदीचे काका त्याला आणि टेकडीवरची दहाबारा मोठी माणसं घेऊन तिला मागणी घालायला आले. आमच्याकडची रीत अशी, की अशा पाहुण्यांपुढे कडू कॉफीचे इवले इवले कप ठेवतात, पण त्यांचा म्होरक्या कप तोंडाला लावत नाही. "आमचं काम झालं तरच तुमची कॉफी पिऊ," असं म्हणतो. मुलीचा बाप म्हणतो, "प्या, झालं समजा." मग सगळे पितात आणि आत बायका गलका करतात. मी आणि रुवैदा गलका करायला तयारच होतो. कॉफी तिनंच उकळली होती, वेलदोडा दुप्पट घालून.

बाहेर हाज्ज फखरींचा आवाज आला. "मुलगा चांगला आहे. शिकलेला आहे. पण कबुतरं उडवतो. ज्याची साक्ष काझी घेत नाही, त्यानं निकाहात दिलेला शब्द मी कसा घेऊ?"

काका म्हणाले, "उद्या कबुतरं विकेल."

"पाखरं विकली जातील. जीभ तीच राहील."

पाहुणे उठले. कप भरलेले तसेच आत आले. रुवैदानं एक एक कप मोरीत ओतला, विसळला, पुसला आणि फळीवर पालथा ठेवला. एक थेंब रडली नाही. मीच रडत होते. तिनं मला हातरुमाल दिला.

त्या दिवसापासून वजदीनं दोन गोष्टी केल्या. कबुतरं विकली नाहीत, आणि आयुष्यात पुन्हा खोटं बोलला नाही. मोठं सोडाच, साधं शिष्टाचाराचंही नाही. तुमचा भात करपला असेल तर म्हणायचा, "करपलाय," आणि निमूट खायचा. माझ्या सुनेनं एकदा विचारलं, "डॉक्टर, मी बारीक झाले ना?" तो म्हणाला, "नाही." ती वर्षभर त्याच्याकडे पाठदुखी घेऊन गेली नाही. हळूहळू टेकडीवर असं झालं की दोन भाऊ घराच्या वाटणीवरून भांडले तर म्हणायचे, वजदीला विचारा. वजदी म्हणाला म्हणजे झालं. ज्याची साक्ष घ्यायची नाही म्हणत होते, त्याच्या शब्दावर टेकडी चालायला लागली.

हे ऐकायला हाज्ज फखरी राहिले नाहीत. आणि रुवैदाचं लग्न तोवर कुवेतमधल्या एका हिशेबनिसाशी झालं होतं. माणूस सज्जन होता, त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही, यातच सगळं आलं. युद्धाच्या त्या उन्हाळ्यात तिकडचं सगळं सोडून एका सुटकेसवर दोघं लहानग्या मुलाला, ऐहमला, कडेवर घेऊन परत आले, वडिलांच्याच घरात राहिले. पुढे नवरा वारला. ऐहम शिकला आणि स्वीडनला गेला. रुवैदा त्या घरात एकटी, लिंबाच्या झाडासकट.

वजदीनं लग्न केलं नाही. आम्ही बायकांनी काय कमी मुली दाखवल्या? एकीचं नाक लांब म्हणाला, एकीला काही म्हणालाच नाही. पायऱ्यांवर रुवैदा समोरून आली की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, तिला वाट द्यायला. "सलाम आलेकुम." "व आलेकुम सलाम." एवढंच. मी वर्षानुवर्षं कान टवकारून होते. दुसरं वाक्य कधी झालं नाही.

मग एका शरद ऋतूत, जैतुनाची पोती उतरवायच्या दिवसांत, रुवैदा अंगणात कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, पण डावा हात आणि डावा पाय परके झाले. ऐहम स्वीडनहून धावत आला. इस्पितळातून घरी आणल्यावर त्यानं विचारलं, टेकडीवर घरी येऊन व्यायाम करून घेणारं कोण आहे? एकच नाव होतं.

वजदी तीस वर्षांनी त्या घरात आला. मी तिथंच होते. टेकडीवर कुणी आजारी पडलं की मी तिथंच असते. तो दारात थांबला, बूट काढायला वेळ लागतो त्याहून जरा जास्तच.

ऐहम गुणी मुलगा. त्यानं सरळ सांगितलं, "अम्मो वजदी, माझी सुट्टी संपतेय. तिकडे आम्ही दोघं नवराबायको दिवसभर कामावर. आई स्वतः उठू शकली, न्हाणीघरात जाऊ शकली, जिना चढू शकली तर वसंतात येऊन तिला घेऊन जाईन. नाहीच जमलं तर तिथं नेऊन तिचे हाल कशाला? मग इथंच एखादी बाई ठेवू."

अम्मो म्हणजे काका. वजदीनं मान हलवली. "करू," म्हणाला. मग म्हणाला, "पण मी येईन तेव्हा खोलीत कुणीतरी बाईमाणूस बसायला हवं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची कीव आली. सगळ्या टेकडीत दुसरी कुणी मिळाली नाही.

अशी मी त्या हिवाळ्यात रोज दुपारी रुवैदाच्या घरी, खिडकीपाशी, पायाशी शेगडी घेऊन. सुरुवातीला तर ती डाव्या हाताकडे बघायचीसुद्धा नाही.

"उम्म ऐहम, डावा हात उचला."

"तो माझा नाही आता."

"बरं. शेजारणीचा आहे असं समजा. शेजारणीचा हात उचला."

"शेजारणीचा उचलून मी काय करू? तिच्याकडे आधीच सगळं जास्त आहे," ती म्हणाली, आणि तोंड अजून वाकडं होतं तरी हसली. शेजारीण मीच होते.

वजदीचा धडा पुस्तकातला नव्हता. बोटांना जोर यावा म्हणून तिला द्राक्षाची पानं गुंडाळायला लावली, तांदूळ भरून, दोन्ही हातांनी. डाव्या हाताच्या गुंडाळ्या विस्कटलेल्या, भात बाहेर आलेला. त्या वजदी खायचा. नीट झालेल्या मला द्यायचा. महिनाभरात मला नीट झालेल्याच जास्त मिळायला लागल्या, आणि हा माणूस चेहरा पाडून बसला. मी म्हटलं, "वजदी, पेशंट सुधारतेय आणि तू असा का?"

"मला विस्कटलेल्याच आवडतात, खाला."

तिनं बसल्या बसल्या पहिल्यांदा कॉफीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नको. या घरात मी कॉफी पीत नाही." तिनं पुन्हा विचारलंही नाही. मात्र त्यानंतर दुपारची कॉफी तिनं स्वतःसाठीही करवून घेतली नाही. मला मात्र मिळायची, मी उगाच मध्ये का उपाशी राहू?

पाय टाकायला लागली तेव्हा तो तिच्या मागे उभा राहायचा, हात तिच्या दोन्ही बाजूंना, पण अंगाला न लावता. पडलीच तर धरेल एवढ्या अंतरावर. माझा गुडघा तो खाटकासारखा पिळायचा, आणि इथं कापसाला हात लावतानाही परवानगी मागेल असा. मी सगळं बघत होते आणि घरी जाऊन कुणाला काही सांगत नव्हते. माझ्या सुनेला वाटलं मी आजारी आहे.

एक दिवस अंगणापर्यंत चालत गेल्यावर रुवैदा लिंबाला टेकून धापा टाकत म्हणाली, "त्या पांढऱ्या मादीचं काय झालं? डोक्यावर काळा ठिपका होता ती."

वजदी गोंधळला. "कुठली?"

"तू बुखारेस्टहून आलास तेव्हाची. सगळ्यात शेवटी उतरायची."

त्यानं जमिनीकडे पाहिलं. "ती म्हातारी होऊन गेली. तुम्हाला कशी ठाऊक?"

"अस्रनंतर मी धुणं काढायला गच्चीवर जायचे."

मला आठवलं. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूला म्हणायचे, हाज्ज फखरींच्या मुलीला धुण्याची काय हौस आहे, वाळलेलं फडकं रोज पुन्हा वाळत घालते.

दुसऱ्या दिवशी वजदी अत्तर लावून आला. मी म्हटलं, "आज कुणाचं लग्न?" तो म्हणाला, "कबुतरांच्या खुराड्याचा वास येतो अंगाला." खोटं तो बोलत नसे, म्हणून ते खरंच असणार. पण वास काय त्याच दिवशी यायला लागला होता?

बदामाला फुलं आली, गेली. रुवैदा बाहेरच्या पायऱ्या चढायला लागली. आधी वजदीच्या आधारानं, मग काठीनं, मग काठी फक्त हातात धरून. लोक दारात येऊन बघायचे. आणि ऐहमचा फोन आला, तिकीट काढलंय, येतोय.

त्या दुपारी ती वरच्या पायरीवर बसली. वजदी दोन पायऱ्या खाली उभा. मी त्यांच्या मागे दारात, वाटाणे सोलत. ती बोलली तेव्हा तिनं त्याला डॉक्टर म्हटलं नाही.

"वजदी, ऐहम आला की तू सांग, जमत नाही म्हणून."

त्यानं भिंतीला हात टेकला.

"मी स्वतः त्याला कसं सांगू? एकुलता एक. धडधाकट आई इथंच राहिली, मुलानं टाकली असेल, असं लोक म्हणतील. त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण तू म्हणालास, तर कुणी काही म्हणणार नाही. त्यालाही वाईट वाटणार नाही." मग ती म्हणाली, "तू म्हणालास तर झालं, असं सगळे म्हणतात ना?"

वजदी खालच्या पायरीकडे बघत होता. त्यानं तिचा पाय हातात घेतला, घोटा फिरवून पाहिला, नेहमी बघायचा तसा, आणि म्हणाला, "उद्या टाचेचा व्यायाम वाढवू." आणि निघून गेला.

रुवैदानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगेल गं. पुरुषांना हो म्हणायला वेळ लागतो." माझी खात्री होती. एवढं साधं खोटं. आम्ही तर सकाळी उठून चहाबरोबर चार बोलतो.

ऐहम आला. दिवाणखान्यात तोच जुना कोच होता, जिथं ते पाहुणे बसले होते. ऐहम, मी, वजदी. ऐहम म्हणाला, "आई, चालून दाखव."

रुवैदा उठली. काय नाटक केलं तिनं! कोचाचा हात धरून, दोन पावलं, डावा पाय फरफटत, तोंडावर वेदना, आणि खुर्चीत बसकण. मी आजवर अनेक बायकांची नाटकं पाहिली आहेत, आणि काही केलीही आहेत, पण असं कसब पाहिलं नाही. मीही हातभार लावला. "अरे बाबा, परवाच पडली. मी उचलली."

ऐहमनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शब्दाला टेकडीवर काय भाव आहे ते त्याला लहानपणापासून ठाऊक. तो वजदीकडे वळला.

"अम्मो, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो. आईला न्यावं की नाही?"

रुवैदा त्याच्याकडे बघत होती. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून बापाकडे बघत होती, अगदी तशी.

वजदी उभा राहिला. कशाला उभा राहिला कोण जाणे, साक्ष द्यायला उभं राहतात तसा. हात पोटावर बांधलेले. मला वाटतं त्यानं तोंड उघडलं तेव्हा त्याला खोटंच बोलायचं होतं. ओठ तसे हलले. पण त्या खोलीत, त्या कोचासमोर त्याच्या तोंडून वेगळंच निघालं.

"चालते. पायऱ्या चढते. हातानं धरायची गरज नाही. आज जे दाखवलं ते खरं नाही."

बाहेर गॅसवाल्याची गाडी गाणं वाजवत गेली.

ऐहमनं आईजवळ गुडघे टेकले. "आई, तू घाबरलीस का माझ्याबरोबर यायला?"

"नाही रे," रुवैदा म्हणाली. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, डाव्या हातानं. "दमले होते जरा."

मग ती उठली. काठी घेतली नाही. सरळ चालत स्वयंपाकघरात गेली. वेलदोड्याचा वास आला. मी मदतीला उठणार होते, पण माझा गुडघा उठेना. खरंच उठेना. ती परत आली तेव्हा डाव्या हातात एकच कप होता, काठोकाठ भरलेला, आणि बशी नाही. एक थेंब हिंदकळला नाही. त्या हातासाठी वजदीनं सगळा हिवाळा घालवला होता, आणि असा हात मी त्याच्या कुठल्याच पेशंटचा पाहिला नाही.

तिनं कप त्याच्यापुढे धरला. "प्या, डॉक्टर. काम झालं समजा."

त्यानं घेतला. उभ्यानंच प्यायला, तळाच्या गाळापर्यंत. ऐहम कौतुकानं हसत होता, त्याला काय ठाऊक. मी खिडकीबाहेर लिंबाकडे बघत बसले. मी तरी काय बघणार होते दुसरं?

आठवडाभरात ती गेली. टॅक्सी खालच्या रस्त्यावर उभी, म्हणून पायऱ्या उतरायच्या होत्या. एकटी उतरली. शेजारपाजारचे सगळे वाहवा करत होते, "वजदीनं बघा काय केलंय." वजदी भिंतीला पाठ लावून उभा होता, तिला वाट द्यायला. "सलाम आलेकुम," तो म्हणाला. ती थांबली नाही. उत्तर दिलं, पण हळू. मलाही नीट ऐकू आलं नाही, आणि माझे कान म्हणजे माझे कान.

मी त्याला सोडलं नाही. त्याच संध्याकाळी दवाखान्यात जाऊन म्हटलं, "गाढवा, एक शब्द. एक शब्द वाकडा बोलला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

तो मिठाची पिशवी तव्यावर ठेवत होता. "खाला, पाय सरळ करा."

"हाज्ज फखरी मेला रे. त्याला मातीत जाऊन किती वर्षं झाली. तू अजून कुणाला दाखवतोयस?"

त्यानं पिशवी माझ्या गुडघ्यावर ठेवली. इतकी गरम ठेवली की मी ओरडले. आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला, मला पिशवी भाजतेय हे विसरून. असं कधी झालं नव्हतं.

स्वीडनहून रुवैदाचा फोन मला यायचा, शुक्रवारी. गुडघा कसा आहे, लिंबाला पाणी घालतेस का, सुनेशी भांडण मिटलं का. त्याचं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या हिवाळ्यात म्हणाली, इथं दुपारीच दिवे लागतात. मी विचारलं, चालतेस ना? ती म्हणाली, "कुठं जाऊ चालत, उम्म निझार? सगळं सपाट आहे. खिडकीत बसते." पुढच्या हिवाळ्यात ऐहमच बोलला. आईचा डावा पाय पुन्हा आखडलाय, उठायला मागत नाही, इथले डॉक्टर म्हणतात पायात काही दोष नाही.

हे मी वजदीला सांगितलं. सांगायला नको होतं म्हणाल, पण मी सांगितलं. तो दांड्यांजवळ उभा होता, पाइपाची गंजलेली जागा नखानं खरवडत. "टाच," तो म्हणाला. "तिला म्हणावं, टाच आधी टेकव." मग म्हणाला, "नको. काही म्हणू नका."

त्याच दिवसांत, एका संध्याकाळी, मी त्याच्या गच्चीवर गेले होते. पुदिना तोडायला, तुपाच्या रिकाम्या डब्यांतून त्यानं बराच लावला होता. कबुतरं उतरून खुराड्यात गेली होती. खालून ज़ुहदीचा आवाज आला, मग तो स्वतः धापा टाकत वर.

"वजदी, माझी राखी मादी आली का तुझ्याकडे? नवीन आहे, जोडीतली. नर नुसता घुमतोय खुराड्यात."

वजदी जोंधळ्याचं भांडं हातात घेऊन उभा होता. "नाही," तो म्हणाला.

"तुझ्याच थव्यात जाताना पाहिली."

"अल्लाची शप्पथ, ज़ुहदी. पाहिलीसुद्धा नाही."

ज़ुहदीनं डोकं खाजवलं. खुराड्याकडे नजर टाकायचीही त्याला गरज वाटली नाही. "मग ससाण्यानं नेली असणार," तो म्हणाला. "तू म्हणतोस म्हणजे नाही आली." आणि पायऱ्या उतरून गेला.

मी पुदिन्याची जुडी हातात धरून तशीच उभी. खुराड्याच्या कोपऱ्यात ती राखी मादी बसली होती, दोन्ही पंख पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले. नीट बांधले होते, आवळून नाही. पीस एकही दुखणार नाही असे. त्या हातांना तेवढं येतच होतं.

वजदी खाली बसला, जाळीतून बोट आत घातलं. ती सरकली नाही.

"खाला," तो म्हणाला, "बघा, किती सोपं आहे."

आणि मग तो रडला. मी त्याच्या शेजारी बसायला गेले, पण गुडघा वाकेना, म्हणून उभ्यानंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खाली ज़ुहदी आपल्या गच्चीवर जाऊन शिट्टी मारत होता, गेलेलं पाखरू परत येईल म्हणून, अंधार पडेपर्यंत.

ज़ुहदी पुढे मुलाकडे ज़रक्याला राहायला गेला. जाईपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजला हे माझी सून मानत नाही, पण विचारा कुणालाही.